दोन खांब आणि एक पाथरवट : टॅरोच्या पत्त्यांतील फ्रीमेसन प्रतीके

मागच्या वर्षी आमची एक माजी विद्यार्थिनी विभागात भेटायला आली आणि बोलता बोलता तिने पर्समधून पत्त्यांचा एक कॅट काढून टेबलावर ठेवला. टॅरोचा. हल्ली ती हौसेने टॅरो शिकते. भविष्यकथनाविषयीची आमची मते तिला वर्गात असल्यापासून ठाऊक असल्यामुळे तो विषय तिने काढला नाही. एक पान निवडून आमच्यासमोर धरले आणि विचारले, "सर, मॅडम, या दोन खांबांवर 'बी' आणि 'जे' अशी अक्षरं का आहेत? नेटवर सगळीकडे लिहिलंय की ही फ्रीमेसन लोकांची खूण आहे आणि हे पत्ते मुळात त्यांचेच. त्यांच्या गुप्त ज्ञानाचं पुस्तक म्हणे." त्या दिवशी आम्ही जे उत्तर दिले ते घाईतले होते. प्रश्न मात्र चांगला होता, आणि नंतर तो आमच्या मनातून जाईना.

घाईतले उत्तर असे होते : अक्षरे फ्रीमेसनांचीच आहेत, पत्ते त्यांचे नाहीत. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी, हे सांगण्यासाठी जरा सविस्तर लिहावे लागेल.

प्रथम ते पान. क्रमांक दोन, 'हाय प्रीस्टेस', म्हणजे महापुजारीण. निळ्या झग्यातली एक स्त्री दोन खांबांच्या मधोमध बसली आहे. डावीकडचा खांब काळा, त्यावर 'बी'; उजवीकडचा पांढरा, त्यावर 'जे'. खांबांची शिखरे कमळाच्या कळीसारखी. मागे पडदा, त्यावर डाळिंबे आणि ताडाची पाने. स्त्रीच्या मांडीवर एक गुंडाळी असून तीवर 'तोरा', म्हणजे यहुद्यांच्या धर्मशास्त्राचे नाव, अर्धवट दिसते. पायाशी चंद्रकोर, छातीवर क्रूस. यहुदी, ख्रिस्ती आणि इजिप्शियन असे तीन धर्म एका पानावर दाटीवाटीने बसवले आहेत; इतकी दाटी आपोआप होत नाही, कोणीतरी ती करावी लागते.

खांब बायबलातले आहेत. यरुशलेमात शलमोन राजाने जे मंदिर बांधले त्याच्या देवडीपाशी पितळेचे दोन खांब उभे केले होते. मराठी बायबलात त्यांची नावे याखीन आणि बवाज अशी येतात; इंग्रजीत त्यांचीच आद्याक्षरे 'जे' आणि 'बी' होतात. राजांच्या पहिल्या पुस्तकात त्यांची उंची अठरा हात सांगितली आहे (इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात पस्तीस, टीकाकारांनी या तफावतीवर बरीच शाई खर्च केली आहे) आणि त्यांच्या शिखरांवर डाळिंबांच्या ओळी होत्या असे म्हटले आहे. पत्त्यावर ती डाळिंबे शिखरावरून उतरून पडद्यावर गेली. खांब स्वतः फार टिकले नाहीत. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आरंभी बाबिलोनच्या सैन्याने ते फोडून त्यांचे पितळ वाहून नेले.

त्यांची आठवण सर्वांत नेमाने कोणी जपली असेल, तर फ्रीमेसनांनी. फ्रीमेसन म्हणजे शब्दशः मुक्त गवंडी. आपल्याकडे हा पंथ इंग्रजांबरोबर आला. मुंबईत १८४३ साली खास एतद्देशीयांना घेण्यासाठी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' नावाचे लॉज निघाले आणि त्यात पारशी मंडळींचा पुढाकार होता. बंद दाराआड काय चालते हे कळत नसल्यामुळे उत्तर हिंदुस्थानात लोक लॉजच्या इमारतीला सरळ 'जादूघर' म्हणत. किपलिंगच्या 'किम' कादंबरीत हा शब्द आला आहे. आत प्रत्यक्षात जे चालते त्याचा गाभा मात्र बांधकामाचा आहे. शलमोनाचे मंदिर बांधणाऱ्या गवंड्यांचे आपण वारस, अशी कल्पना करून सभासद तीन पायऱ्या चढतो : उमेदवार, सहकारागीर, उस्ताद. पहिल्या पायरीला एका खांबाचे नाव त्याला कळते, दुसऱ्या पायरीला दुसऱ्याचे. ही नावे हा फार मोठा गौप्यस्फोट आहे असे कोणी समजू नये. सॅम्युअल प्रिचर्ड नावाच्या गृहस्थाने १७३० सालीच लंडनमध्ये सगळा विधी छापून टाकला होता, आणि १७६२ साली अशाच एका पुस्तकाचे नावच 'जाकिन अँड बोअझ' असे होते. ज्याच्या खिशात चार नाणी होती त्याला हे गुपित दुकानात मिळत असे.

तेव्हा 'बी' आणि 'जे' यांविषयी शंका नाही. आता पत्त्यांकडे वळू.

पत्ते युरोपात पूर्वेकडून आले. चौदाव्या शतकाच्या सत्तरीत त्यांचे उल्लेख तिकडे एकाएकी दिसू लागतात. इजिप्तच्या मामलुक राजवटीतले हाताने रंगवलेले पत्ते इस्तंबूलच्या टोपकापी राजवाड्यात जपून ठेवले आहेत. त्यांत चार रंग आहेत : पेले, नाणी, तलवारी आणि पोलोचे दांडके. युरोपियनांना पोलो ठाऊक नव्हता, म्हणून त्यांच्याकडे दांडक्याचा नुसताच सोटा झाला. बाकीचे तीन रंग जसेच्या तसे राहिले. या मामलुक पानांवर 'कंजिफा' हा शब्दही आढळतो, आणि सावंतवाडीच्या गंजिफा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना तो शब्द वाचून आपल्याच घरचे कोणीतरी भेटल्यासारखे वाटेल.

टॅरोचे वैशिष्ट्य या चार रंगांत नाही. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटलीत कोणाच्या तरी डोक्यात आले की चार रंगांच्या छपन्न पानांत आणखी बावीस चित्रपाने घालावीत आणि बाकी सगळ्या पानांना त्यांनी मारावे. आपल्या भाषेत सांगायचे तर कायमचा हुकूम. या पानांना 'त्रिओन्फी', म्हणजे विजय, असे म्हणत. इंग्रजीतला 'ट्रम्प' हा शब्द त्याच कुळातला. फ्लॉरेन्समध्ये १४४० साली अशा कॅटाची नोंद मिळते. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी साधारण १४५० च्या सुमारास सोन्याच्या वर्खावर रंगवलेला कॅट तर बराचसा टिकला आहे. त्याची चौऱ्याहत्तर पाने न्यूयॉर्क, बेर्गामो आणि एका खाजगी संग्रहात विभागलेली आहेत. चित्रे कसली? बादशहा, पोप, प्रेमिक, दैवाचे चक्र, मृत्यू, सूर्य, चंद्र, अंतिम न्याय. त्या काळच्या इटालियन माणसाला मिरवणुकीत, चर्चच्या भिंतीवर आणि प्रवचनात रोज दिसणारी. त्यांत गूढ काही नव्हते. कोणते पान कोणत्या पानाला मारते हे लक्षात ठेवायला सोपी अशी ती यादी होती. पोप बादशहाला मारतो आणि मृत्यू दोघांनाही मारतो, हे शिकवायला गुरू लागत नाही.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेची इथे खरोखर मदत होते. एकशे वीस गोल पाने, दहा रंग, प्रत्येक रंगाचा राजा म्हणजे एक अवतार. मत्स्य, कूर्म, वराह यांच्या पानांनी पिढ्यान् पिढ्या लोक खेळले, हरले, जिंकले, भांडले. दहाही अवतार पत्त्यांवर आहेत म्हणून कॅट म्हणजे वैष्णवांचा गुप्त ग्रंथ, असे कोकणात कोणाला वाटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. देव पत्त्यावर असतो कारण तो खेळणाऱ्यांच्या ओळखीचा असतो.

ज्या पानावर आज दोन खांब आहेत ते त्या काळी कसे होते? मिलानच्या कॅटात ती पुजारीण नव्हतीच. ती स्त्री-पोप होती : जोगिणीच्या साध्या वेषात, डोक्यावर पोपचा तिहेरी मुकुट. व्हिस्कोंती घराण्याच्या नात्यातली मानफ्रेदा नावाची एक जोगीण तिच्या पंथाने पोप म्हणून निवडली होती आणि १३०० साली धर्मन्यायालयाने तिला जाळले. हे चित्र तिचेच असावे, असे अनुमान गर्ट्रूड मोकली यांनी १९६६ साली मांडले. अनुमान ते अनुमानच, पण मोहक आहे. पुढे मार्सेय शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लाकडी ठशांच्या कॅटात ती मांडीवर पुस्तक घेऊन बसते, मागे एक कापड टांगलेले असते. खांबांवर अक्षरे नाहीत. खांबांची जोडी दिसते ती पोपच्या पानावर, त्याच्या सिंहासनामागे, आणि चंद्राच्या पानावर दोन बुरूज दिसतात. इंटरनेटवरचे उत्साही लेखक यांनाही याखीन-बवाज ठरवतात. पण दोन खांब जगात कुठेही असतात. आमच्या महाविद्यालयाच्या फाटकालाही आहेत.

काळाचा हिशोब साधा आहे. इंग्लंडातील पहिली ग्रँड लॉज १७१७ साली स्थापन झाली असे परंपरा सांगते, आणि अलीकडच्या काही अभ्यासकांनी ते साल १७२१ असावे असा युक्तिवाद केला आहे. कोणतेही घेतले तरी टॅरो त्याहून पावणेतीनशे वर्षांनी जुना. तीनशे वर्षे इटली, स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि जर्मन मुलखांत तो बहुतेक करून खेळला गेला, आणि फ्रान्समध्ये तर आजही खेळला जातो. तर्कशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले ऑक्सफर्डचे मायकेल डमेट यांनी १९८० साली टॅरोच्या खेळावर एक जाडजूड ग्रंथ लिहून हा इतिहास पक्का केला. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने पत्त्यांवर एवढी वर्षे घालवावी याचे काहींना नवल वाटले असेल. आम्हाला त्यांचा हेवा वाटतो.

मग खेळाचे शास्त्र कधी झाले? याची तारीख जवळजवळ सांगता येते, आणि इथे फ्रीमेसन प्रथमच रंगमंचावर येतात.

आंत्वान कूर द जेबलँ हा पॅरिसमधला विद्वान. 'मोंद प्रिमितीफ', म्हणजे आदिम जग, या नावाचा त्याचा प्रचंड ग्रंथ १७७३ पासून खंडशः निघत होता. सर्व भाषांच्या आणि पुराणांच्या मुळाशी एकच आदिज्ञान होते हे त्याला सिद्ध करायचे होते. तो फ्रीमेसन होता, 'नऊ भगिनी' या लॉजचा सभासद. याच लॉजने एप्रिल १७७८ मध्ये मरणाच्या दारात उभ्या असलेल्या व्होल्तेरला दीक्षा दिली आणि बेंजामिन फ्रँकलिन पुढच्या वर्षी तिचा प्रमुख झाला. म्हणजे हे काही अंधाऱ्या तळघरातले कारस्थान नव्हते. युरोपातल्या सर्वांत प्रागतिक डोक्यांचा तो अड्डा होता.

ग्रंथाच्या आठव्या खंडात, १७८१ साली, जेबलँ सांगतो की एका बाईंकडे तो गेला असता त्या टॅरो खेळत होत्या. त्या नुकत्याच परमुलखातून आल्या होत्या. पॅरिसमध्ये हा खेळ तेव्हा जवळजवळ विस्मरणात गेला होता, आणि आमच्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. मार्सेयच्या खानावळीत रोज टॅरो खेळणाऱ्या माणसाला त्यात काही विशेष दिसले नसते. जेबलँने ती पाने पाहिली आणि पाव तासात घोषणा केली की हा इजिप्तच्या पुरोहितांचा, ग्रंथालये जळाली तरी खेळाच्या मिषाने तगून राहिलेला ज्ञानग्रंथ आहे. पोपचे त्याने महापुरोहित केले, स्त्री-पोपची महापुजारीण. 'टॅरो' या नावाची फोड त्याने 'तार' आणि 'रो' अशी करून अर्थ लावला राजमार्ग. इजिप्तची चित्रलिपी शांपोल्यँने उलगडली १८२२ साली. म्हणजे जेबलँच्या हयातीत जगात एकही माणूस ती भाषा वाचू शकत नव्हता. मराठी वाचकाला हा प्रकार नवा नाही. 'ख्रिश्चॅनिटी' म्हणजे कृष्णनीती आणि 'व्हॅटिकन' म्हणजे वाटिका हे पु. ना. ओकांनी आपल्याला सांगितलेच आहे. व्युत्पत्ती ही अशी गाय आहे की जो दूध काढायला बसेल त्याला ती देते.

त्याच्या वाचनातला एक तपशील आम्हाला फार बोलका वाटतो. टॅरोत एक पान आहे, उलटा टांगलेला माणूस. इटलीत फितूर माणसाचे असे उलटे चित्र भिंतीवर काढून त्याची बदनामी करीत. मूळ अर्थ तोच असावा. जेबलँला हे ठाऊक नव्हते. त्याने हिशोब केला : न्याय, धैर्य, संयम हे तीन सद्गुण पत्त्यांत आहेत, मग चौथा विवेक कुठे आहे? त्याने ठरवले की हाच विवेक. सावधपणे एक पाऊल उचलून उभा असलेला माणूस पत्ते छापणाऱ्या अडाणी कारागिराने चुकून उलटा केला. आणि आपल्या पुस्तकात त्याने तो सुलटा करून छापला. विद्वानाचा सिद्धान्त आणि कारागिराचे चित्र जुळेना, तेव्हा चूक कोणाची हे त्याच्या मनात लगेच ठरले. हा प्रसंग ध्यानात ठेवावा, पुढे उपयोगी पडेल.

जेबलँवर नुसते हसून मोकळे होणे मात्र अन्यायाचे आहे. तो प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाचा मुलगा होता. वडिलांनी फ्रान्समधल्या छळाने विखुरलेल्या प्रॉटेस्टंट मंडळ्या पुन्हा उभ्या करण्यात आयुष्य घालवले आणि त्याने स्वतः पॅरिसमध्ये राहून आपल्या लोकांच्या हक्कांसाठी खटपट केली. त्याच्या देशात प्रॉटेस्टंटांच्या विवाहालाही कायद्याची मान्यता नव्हती. ती १७८७ च्या राजाज्ञेने मिळाली, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. पोपच्या आधीचा, सर्वांना समान असा एखादा आदिधर्म अशा माणसाला हवासा वाटला तर नवल नाही. लॉजमध्ये त्याला त्याची छोटी प्रतिकृतीच सापडली होती : तिथे कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि कशावरच विश्वास नसलेला व्होल्तेर एकत्र बसू शकत. त्या काळच्या फ्रीमेसनांना आपल्या विधींचे मूळ इजिप्तमध्ये शोधण्याचे वेडच होते. काल्योस्त्रोने इजिप्शियन विधीचे लॉज काढले, मोझार्टची 'जादूची बासरी' १७९१ साली इजिप्तच्याच मंदिरात घडली. जेबलँने पत्त्यांत फ्रीमेसनरी पाहिली नाही, इजिप्त पाहिले. पण त्याच्या मंडळींच्या दृष्टीने इजिप्त हे फ्रीमेसनरीचे आजोळ होते. त्या वाटेने खांब पत्त्यांच्या जवळ आले.

पुढची पन्नाससाठ वर्षे आम्ही झपाट्याने ओलांडतो. एत्तेला या टोपणनावाच्या माणसाने टॅरो भविष्य सांगण्याच्या धंद्यात आणला. नंतर एलिफास लेव्ही आला. मूळचा आल्फोंस-लुई कोंस्तां, चर्चमध्ये दीक्षेच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन परतलेला. त्याने १८५०-६० या दशकात बावीस चित्रपाने आणि हिब्रूची बावीस अक्षरे यांची सांगड घातली. सांगड इतकी सुबक होती की ती योगायोगाची आहे हे कोणाला ऐकायचे नव्हते. गंमत अशी की हे सगळे लिहून झाल्यावर, १८६१ साली, तो फ्रीमेसन झाला आणि थोड्याच काळात बाहेर पडला. पूर्णवेळ आणि मनापासून फ्रीमेसन होता तो ओझवाल्ड व्हिर्ट हा स्विस गृहस्थ. त्याने १८८९ साली स्वतः बावीस पाने काढली आणि पुढे एका हाताने लॉजमधल्या तीन पायऱ्यांची पाठ्यपुस्तके व दुसऱ्या हाताने टॅरोवरचे ग्रंथ लिहिले. लॉज आणि पत्ते यांच्यामधली भिंत त्याच्या लेखणीने पाडली.

इंग्लंडात हे काम 'गोल्डन डॉन' या गुप्त मंडळाने केले. १८८८ साली ते स्थापन करणारे वेस्टकॉट, मॅदर्स आणि वुडमन हे तिघेही फ्रीमेसन होते. त्यांनी लॉजचा सांगाडा उचलला, म्हणजे पायऱ्या, शपथा, पदाधिकारी, दोन खांब, आणि त्यात जादू व टॅरो भरला. खांब रंगले ते इथे : एक काळा, एक पांढरा. एका बाबतीत मात्र त्यांनी फ्रीमेसनरी मोडली. त्यांनी स्त्रियांना दार उघडले.

त्या दारातून आत आलेल्यांत पामेला कोलमन स्मिथ होती. जन्म १८७८, लंडन. लहानपण मँचेस्टर आणि जमैकात गेलेले. नाटकांचे नेपथ्य आणि पुस्तकांची चित्रे करून पोट भरणारी चित्रकार. मंडळात ती १९०१ साली आली. त्याच वर्षी मंडळाचा जुना सभासद आर्थर एडवर्ड वेट फ्रीमेसन झाला. वेटला एक नवा टॅरो हवा होता. चित्रे काढायला त्याने पामेलाला सांगितले. १९०९ च्या एप्रिल ते ऑक्टोबर या काळात तिने सुमारे ऐंशी चित्रे पुरी केली, वर्षअखेर रायडर कंपनीने कॅट बाजारात आणला, आणि आमच्या विद्यार्थिनीच्या पर्समध्ये जो होता तो त्याचाच वंशज. जगात टॅरो म्हणून आज जे ओळखले जाते ते बहुतांशी हीच चित्रे.

वेट हा विलक्षण माणूस. कॅटासोबत त्याने जे पुस्तक लिहिले त्यात इजिप्तच्या सिद्धान्ताला पुरावा नाही असे तो स्वच्छ सांगतो आणि जेबलँची फिरकीही घेतो. मग त्याच्याच पानावर कमळाच्या कळीचे खांब कशाला, आणि रथाच्या पानावर घोड्यांच्या जागी स्फिंक्स कशाला? पुस्तक लिहिताना तो इतिहासकार असतो आणि चित्र सांगताना साधक. दोघांची एकमेकांशी भेट झालेली दिसत नाही. दुसरे असे की गुण्या आणि कर्कटक ही फ्रीमेसनांची सर्वांत ओळखीची जोडखूण, किंवा त्रिकोणातला तो सुप्रसिद्ध डोळा, ही वेटच्या महापुजारिणीजवळ कुठेच नाहीत. कारस्थानाच्या गोष्टी सांगणारे नेमके तेच शोधत बसतात. वेटला लॉजची जाहिरात करायची नव्हती. लॉज ज्या देवळाची नक्कल करते त्या देवळाच्या उंबऱ्यापर्यंत त्याला जायचे होते.

'बी' आणि 'जे' या अक्षरांचा प्रवास असा : बायबलातून लॉजमध्ये, लॉजमधून गोल्डन डॉनमध्ये, तिथून १९०९ साली एका पानावर. आता त्या पानाकडे पुन्हा पाहिले की वेगळेच काही टोचते. दोन खांबांच्या मधोमध एक स्त्री बसली आहे. इंग्लंडच्या ग्रँड लॉजमध्ये या दोन खांबांच्या मधून आत जाण्याचा अधिकार स्त्रीला नव्हता. (फ्रान्समध्ये निघालेल्या मिश्र लॉजेसमध्ये होता, ॲनी बेझंट १९०२ साली तिथे दीक्षित झाल्या. वेटच्या ग्रँड लॉजच्या लेखी ते लॉजच नव्हे.) ते खांब जिने रंगवले तिलाही नव्हता. पामेलाने हे मुद्दाम सुचवले असे आम्ही म्हणत नाही. रचना वेटची होती. पण चित्र तिच्या हातचे आहे.

फ्रीमेसनरीच्या इतिहासातच एक विचित्र गोष्ट घडलेली आहे. स्कॉटलंडचा राजाधिकारी विल्यम शॉ याने १५९८ आणि १५९९ साली जे नियम घालून दिले ते खऱ्या गवंड्यांसाठी होते : उमेदवारी किती वर्षे, कोणाला कामावर घ्यावे, अपघात होऊ नये म्हणून परांची कशी बांधावी. पन्नास वर्षांच्या आत, १६४६ साली, इलायस ॲशमोल नावाचा सुखवस्तू विद्वान आपल्या रोजनिशीत लिहितो की आज मला फ्रीमेसन करून घेतले. आयुष्यात त्याने थापी हातात धरली नसेल. हळूहळू लॉजेस अशा सभ्य गृहस्थांनी भरली. ओळंबा सरळ आचरणाचे चिन्ह झाला, पाणसळ समतेचे, गुण्या नीतीचा. हत्यारे राहिली, हात बदलले.

टॅरोचेही नेमके हेच झाले. तिथेही एक चालती वस्तू होती. तिने खानावळीत माणसे खेळत होती. सभ्य आणि विद्वान मंडळींनी ती उचलली, प्रत्येक पानाला अर्थ दिला आणि खेळ बाजूला टाकला. पहिले चित्रपान पाहावे. जुन्या कॅटात तो बाजारात टेबल मांडून वाट्या आणि गोट्यांची हातचलाखी करणारा गारुडी होता, बावीस पानांत सर्वांत खालच्या पायरीचा हुकूम. वेटच्या कॅटात त्याचा महामांत्रिक झाला आहे. डोक्यावर अनंताचे चिन्ह, एक हात आकाशाकडे. नाण्यांचा रंग होता, त्यावर पंचकोनी तारा काढून त्याचे ताईत केले. गवंड्याचा ओळंबा आणि जुगाऱ्याचे नाणे यांना एकाच काळात, एकाच वर्गातल्या माणसांनी बढती दिली. आमच्या मते टॅरो आणि फ्रीमेसनरी यांचे खरे नाते हे आहे. दोन अक्षरे त्याची पावती आहेत.

जेबलँने कारागिराची चूक सुधारली होती. वेटने बावीस चित्रपानांबाबत पामेलाला काटेकोर सूचना दिल्या असे अभ्यासक मानतात. छपन्न साध्या पानांत तिला बराच मोकळा हात मिळालेला दिसतो. त्या आधी साध्या पानांवर बहुधा नुसत्या खुणा असत, तीन पेले, आठ सोटे अशा. तिने प्रत्येक पानावर माणसे आणली. काही कल्पना तिने पंधराव्या शतकाच्या अखेरच्या एका इटालियन कॅटावरून घेतल्या, ज्याची छायाचित्रे १९०७ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये होती. पण नाण्यांची अठ्ठी आणि नाण्यांची तिर्री ही पाने पाहावीत. अठ्ठीवर एक उमेदवार बाकावर बसून छिन्नी-हातोडीने नाणी घडवतो आहे. तिर्रीवर, वेटच्याच स्पष्टीकरणानुसार, त्याच उमेदवाराला श्रमाचे फळ मिळाले आहे आणि तो मठात कोरीव काम करतो आहे. कमानीखाली तो बाकावर उभा आहे, हातात हत्यार. वर तीन तारे दगडातच कोरलेले, त्रिकोणात. समोर मुंडण केलेला एक साधू आणि झूल पांघरलेली एक व्यक्ती, तिच्या हाती नकाशा. दोघे त्याच्या तोंडाकडे पाहत आहेत.

उमेदवार, उस्ताद, देऊळ, नकाशा, त्रिकोण : लॉजमधले सगळे सामान या एका पानावर आहे आणि ते कोणाला खुपत नाही, कारण इथे कोणतेही अक्षर लिहिलेले नाही. अठ्ठ्याहत्तर पानांत हेच पान आम्हाला सर्वांत जास्त फ्रीमेसनांचे वाटते, आणि त्यात तो माणूस पुन्हा खराखुरा पाथरवट आहे.

काम संपल्यावर नोव्हेंबर १९०९ मध्ये पामेलाने न्यूयॉर्कचे छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांना पत्र लिहिले. मोठे काम पुरे केले, पैसे फार थोडे मिळाले, असे तिने त्यात कळवले आहे. विक्रीवर तिला हिस्सा नव्हता. ती १९५१ साली कॉर्नवॉलमधल्या ब्यूड या गावी वारली, आणि डोक्यावर कर्ज होते. कॅट प्रकाशकाच्या आणि वेटच्या नावाने प्रसिद्ध झाला, 'रायडर-वेट'. अलीकडे काही जण 'वेट-स्मिथ' म्हणू लागले आहेत.

आमच्या विद्यार्थिनीला तिर्रीचे पान दाखवले तेव्हा ती म्हणाली, "हे तर साधं पान आहे, मॅडम. याचा अर्थ नुसता चांगली नोकरी." मग तिने ते डोळ्यांजवळ नेले. खालच्या कोपऱ्यात वेलीसारखी वळलेली एक बारीक खूण आहे, पी, सी आणि एस ही अक्षरे एकमेकांत गुंतवून केलेली. ती तिने इतके दिवस नक्षी समजली होती. तिने उरलेली सगळी पाने टेबलावर पसरली आणि एकेका पानावर ती खूण शोधू लागली.